हलू नकोस

दुसऱ्याच्या कंबरेबद्दल माणसाला जेवढी माहिती असते, तेवढी स्वतःच्या घराबद्दल नसते. वरच्याची कंबर धरली तेव्हा गल्लीतलं, कामावरचं आणि नात्यातलं एकही तोंड गप्प बसलं नाही. ती कशानं धरली हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

वरचा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो बांधकामावर उंच क्रेन चालवायचा. शिडीनं चढून काचेच्या खोक्यात बसायचं आणि दिवसभर गजांचे भारे, विटांचे पिंजरे, काँक्रीटच्या बादल्या इकडच्या तिकडे करायच्या. खाली उभा राहून त्याला इशारे देणारा जो गडी होता, त्यानंच हे नाव पाडलं. "वरच्याच्या मनात असेल तेव्हा माल उतरेल, आपल्या हातात काय आहे," असं तो मुकादमाला तोंड वर करून सांगायचा. वरच्यानंही उट्टं काढलं आणि त्याला हातवारे म्हणायला लागला, कारण तो गडी चहा मागतानाही हातानं 'हळू खाली घे' करायचा. दोघांची जोडी पक्की होती. माल उचलायचा, फिरवायचा, उतरवायचा इशारा फक्त हातवारेनं द्यायचा, दुसऱ्या कोणाचा वरचा मानत नसे. थांबायचा इशारा मात्र कोणीही द्यावा, अगदी रस्त्यानं जाणाऱ्यानंही. उघडा पंजा दिसला की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. असा त्यांच्या धंद्याचा नियम.

घरात दोघंच, वरचा आणि त्याची आई. लग्न झालं होतं, टिकलं नाही. तो विषय आई काढायची नाही आणि तो काढू द्यायचा नाही. मागे आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, सरकारी दवाखान्यात आत खिळा घालून जोडलं. घरी सोडताना हाडाच्या डॉक्टरनं जाता जाता, म्हणजे तो स्वतः दुसऱ्या पेशंटकडे जाता जाता, सांगितलं, "पायावर वजन टाकायचं नाही." वरच्यानं ते मनाशी पक्कं केलं. पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. नेलं तेव्हा डॉक्टर रजेवर. परत नेलं तेव्हा एक्स-रेचं यंत्र बंद. मग इमारतीचे मजले चढत गेले, काम वाढलं आणि ते राहून गेलं. म्हातारीला गाडीत घालून नेणं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल, बाकीच्यांनी नाकं मुरडू नयेत.

तेव्हापासून आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर वरचाच उचलायचा. सकाळी कामावर जाण्याआधी, संध्याकाळी आल्यावर. दुपारी शेजारच्या काकू येऊन जेवण द्यायच्या, हवं-नको बघायच्या. पण काकू चणीनं एवढ्याशा, त्यांनी उचलायचा प्रश्नच नव्हता.

उचलायची त्याची एक रीत होती. क्रेनवाल्याच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: टांगलेला माल हलता कामा नये. माल झुलला की खालची माणसं जिवाला मुकतात. तो आईच्या दोन्ही काखांतून हात घालायचा, तिच्या पाठीमागे बोटांत बोटं अडकवायचा, छातीत श्वास कोंडायचा आणि म्हणायचा, "आई, हलू नकोस." आई हलायची नाही. उलट पाय जमिनीला लागू नयेत म्हणून ते पोटाशी ओढून घ्यायची आणि डोळे मिटून लोंबकळायची. मग तो तिला फिरवायचा आणि खुर्चीत सोडायचा. दोघांनाही वाटायचं, आपण सगळं अगदी शिस्तीत करतोय.

आणि गंमत म्हणजे कंबर तेव्हा धरलीच नाही. धरली ती टॉवेल उचलताना. आईला खुर्चीत बसवून झालं होतं, तो मोकळा होता, खाली पडलेला टॉवेल घ्यायला सहज वाकला आणि कंबरेत अशी चमक निघाली की तो जमिनीवर चारी पायांवरच आला.

"काय शोधतोयस?" आईनं खुर्चीतून विचारलं.

"काही नाही."

"मग रांगतोयस कशाला?"

त्याला हसायला आलं, आणि हसल्यावर जे दुखलं त्यानं तोंडचं पाणी पळालं. गजांचे भारे उचलणारा माणूस, आणि टॉवेलनं आडवा झाला. हे लोकांना सांगायचं कसं?

सांगावं लागलंच नाही. लोकच सांगायला आले. मुकादम म्हणाला, ती क्रेनची खुर्ची वाईट, दिवसभर एका जागी बसून माणसाचा खुंटा होतो. काकू म्हणाल्या, हा वात आहे, पंख्याखाली झोपता ना, शेक द्या. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, पोट सुटलंय, दुसरं काय. हातवारेनं सगळ्यांना उडवून लावलं.

"गादी मऊ आहे तुझी," तो म्हणाला. "माणूस मऊ गादीवर झोपला की मणका केळ्यासारखा वाकतो. फळीवर झोप. आणि पट्टा बांध."

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळे सांगतात."

संध्याकाळी तो शटरिंगची प्लायवूडची फळी खांद्यावर टाकून घेऊन आला, फळीला अजून सिमेंटचे डाग होते. वरचा पट्टा आवळून त्या फळीवर उताणा पडला आणि पडूनच राहिला. उठायची हिंमतच होईना. खोकला आला तर आधी विचार करायचा, खोकावं का. कुशीवर वळायचं तर मनात तीनदा उजळणी. दिवस गेले तसं दुखणं कमी होण्याऐवजी पसरत चाललं. आता मांड्या दुखायला लागल्या, खांदे दुखायला लागले. मग ज्यानं त्यानं सांगितलेलं कारण त्याला पटायला लागलं. सकाळी वाटायचं खुर्ची. दुपारी वाटायचं पोट. संध्याकाळी काकू आल्या की वात. डोक्यात नुसता गोंधळ, आणि गोंधळलेला माणूस एकच गोष्ट करतो. काहीच करत नाही.

आई आतल्या खोलीत पलंगावर, तो बाहेरच्या खोलीत फळीवर. मधलं दार उघडं. उचलणारा नाही म्हणून आईची खुर्चीही सुटली. दोघं छताकडे बघत बोलायचे.

"जेवलास का?"

"हो. तू?"

"मी पण. कूस बदललीस का?"

"नाही."

"मी बदलली."

काकू दोन्ही खोल्यांत ताटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "या वयात मला दोन-दोन पाळणे सांभाळायची वेळ आली. त्यातल्या एकाला दाढी आहे."

मग ताई आली. ताई म्हणजे वरच्याची मोठी बहीण, दुसऱ्या शहरात राहायची. तिचं आईवर प्रेम होतं, यात शंका नाही. ते ती फोनवरून करायची. पण आली ती तडक कामाला लागली, भावाला गाडीत घालून एका नावाजलेल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं त्याला मोठ्या यंत्रात सरकवून कंबरेचे फोटो काढले. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरले, पेनानं एक जागा दाखवली आणि म्हणाला, "मणक्यांमधल्या चकत्यांची झीज आहे. ही एक बाहेर आलीय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

"किती दिवस?" वरच्यानं विचारलं.

"आता जपूनच राहायचं," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येताना वरचा गाडीत असा बसला होता, जणू काठोकाठ भरलेली बाटली मांडीवर घेऊन बसलाय आणि तिला बूच नाही. झीज. बाहेर आलीय. म्हणजे आणखी एकदा वाकला तर पूर्णच बाहेर येणार का? आली तर कुठं जाणार? विचारायचं राहून गेलं होतं, आणि आता विचारायला जाण्याइतकी त्याच्यात धमक नव्हती.

ताईनं त्याच रात्रीच्या जेवणावर विषय संपवला. "तू आता वजन उचलायचं नाहीस. मग आईला कोण उचलणार? काकू? गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांचं केंद्र आहे, मी बोलून ठेवलंय. तिथं उचलायला माणसं आहेत. रविवारी गाडी घेऊन येते."

"आईला विचारलंस?"

"तू विचार. तुझ्याकडे राहते ती."

ती सकाळच्या गाडीनं परत गेली आणि विचारायचं त्याच्या गळ्यात पडलं. त्याला वाटलं आई भांडेल, रडेल, निदान शिव्या तरी देईल. त्यानं आतल्या खोलीच्या दारात उभं राहून, चौकटीला धरून, सगळं सांगितलं.

"तुझ्या कंबरेला बरं वाटेल तसं कर," आई छताकडे बघत म्हणाली.

शिव्या परवडल्या असत्या. त्यानं परत येऊन फळीवर अंग टाकलं आणि पहिल्यांदा त्याला त्या फळीचा संताप आला. केंद्रात गेलेली माणसं परत येत नाहीत. हे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. तिथं भेटायला जातात, पिशवीतून फळं नेतात, घड्याळाकडे बघतात आणि येतात. आई तिथं कोणाच्या तरी हातात अशीच पाय ओढून लोंबकळेल, आणि तो माणूस तिला माल समजूनच उचलेल. आणि हे कशामुळे? एका टॉवेलमुळे. की खुर्चीमुळे? की वातामुळे? कारण कळलं असतं तर त्यानं त्या कारणाची मान मुरगळली असती.

शुक्रवारी हातवारे आला तेव्हा वरचा म्हणाला, "मला इंजेक्शन पाहिजे. असं इंजेक्शन की रविवारी मी आईला उचलून खुर्चीत ठेवीन आणि ताईला म्हणेन, बघ, उचलतो मी."

"माझ्या बायकोची कंबर सरकारी दवाखान्यात बरी झाली," हातवारे म्हणाला. "तिथं एक बाई आहे."

"इंजेक्शन देते?"

"देते की," हातवारे धडधडीत खोटं बोलला.

ती बाई व्यायाम शिकवणारी होती. मोठा आवाज, पायात सपाट बूट, खोलीत एक बाक, एक आरसा आणि रबराचे पट्टे. वरच्यानं आपल्या कंबरेचे फोटो पुढे केले. तिनं ते बाजूला ठेवले आणि आधी प्रश्नच प्रश्न विचारले. पायातली ताकद गेलीय का, पाऊल घसटतं का? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का? लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय का? ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर वगैरे, कुठून जोरात पडणं? तो नाही, नाही म्हणत गेला. तिनं पाय उचलायला लावले, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली.

"यातलं काहीही पुढे झालं तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही," ती म्हणाली. "आज यातलं काही नाही. ही चांगली बातमी आहे, तोंड असं का केलंय?"

"चकती बाहेर आलीय माझी."

"टोपी काढा."

त्यानं टोपी काढली.

"केस पांढरे झालेत तुमचे. दुखतात का?"

"केस कशाला दुखतील?"

"तुमच्या वयाची चांगली धडधाकट माणसं रस्त्यावरून उचलून त्या यंत्रात घातली, तर कितीतरी जणांच्या फोटोत हेच दिसेल. झीज, फुगलेली चकती. आणि त्यांना काही दुखत नसतं. फोटो खोटा नाही. पण तुमचं दुखणं त्याच जागेतून येतंय, हे त्यावरून कोणी सांगू शकत नाही."

"मग कुठून येतंय?"

"खरं सांगू? नक्की माहीत नाही."

वरच्याचं डोकंच फिरलं. "एवढा मोठा दवाखाना, भिंतीवर एवढी हाडांची चित्रं, आणि माहीत नाही? क्रेनचा दोर तुटला तर आम्ही तुटलेली तार शोधून काढतो, मॅडम. सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. तुम्ही सगळे नुसते... एक म्हणतो खुर्ची, एक म्हणतो गादी, एक म्हणतो झीज, आणि तुम्ही म्हणता माहीत नाही. पगार कशाचा घेता?"

दाराशी उभ्या हातवारेनं हळूच पंजा उघडा करून दाखवला. थांब. वरचा थांबला.

बाईला राग आला नाही, किंवा आला तो तिनं गिळला. "दोर झोपत नाही, काळजी करत नाही," ती म्हणाली. "कंबर करते. बहुतेकांच्या कंबरदुखीत एक तुटलेली तार नसतेच. तुम्ही दिवसभर एका खोक्यात बसता, न उठता. घरी येऊन श्वास कोंडून वजन उचलता. झोप?"

"आईची हाक ऐकू यावी म्हणून कान उघडा असतो."

"म्हणजे झोप नाही. त्यात एक दिवस स्नायू आखडला, टॉवेलच्या निमित्तानं. तो आपोआप सुटला असता. त्यावर तुम्ही भ्यालात आणि फळीवर पडून राहिलात. पडून राहिल्यानं कंबर सुधारत नाही, विसरते. पट्टा काढा आधी."

"काढला तर मोडेन मी."

"मोडलात तर मी आहे."

त्यानं पट्टा काढला. मोडला नाही. तिनं त्याला वाकायला लावलं, गुडघ्यावर हात ठेवून, तोंडानं श्वास सोडत. दुखलं. ती म्हणाली, दुखणं म्हणजे बिघडणं नव्हे. रोज चाला, आज थोडं, उद्या जरा जास्त. क्रेनवर चढलात तरी अधूनमधून उठून उभे राहा. वाका, उचला, पण हलकं आधी. अगदीच सहन झालं नाही तर गोळी, तीही डॉक्टरला विचारून. त्याला हे सगळं ऐकू येत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं. एक म्हणतो वाकू नका, दुसरी म्हणते वाका. दोघांच्याही अंगात तोच पांढरा कोट.

"मला रविवारी आईला उचलायचंय," तो म्हणाला. "बाकी काही नको."

"कसं उचलता दाखवा. मी तुमची आई."

ती बाकावर बसली. त्यानं तिच्या काखेतून हात घातले, लाजत, श्वास कोंडला आणि सवयीनं म्हणाला, "हलू नकोस."

बाईनं त्याचे हात खाली केले. "का हलू नये तिनं?"

"माल हलला तर..." तो अडखळला. "तिच्या पायावर वजन टाकायचं नाही. खिळा आहे."

"कधीचा?"

त्यानं सांगितलं. बाईनं लगेच फोन उचलून वरच्या मजल्यावर हाडाच्या विभागात लावला, आईचं नाव सांगितलं, ऑपरेशन सांगितलं, आणि बराच वेळ कानाला धरून उभी राहिली. पलीकडचा आवाज वरच्यालाही ऐकू आला. आवाज वैतागलेला होता. ते वजन न टाकणं सुरुवातीपुरतं होतं, तो म्हणाला, त्या अजून चालत नाहीत? कशासाठी थांबल्यात? आणून दाखवा म्हणावं, पण आधाराला धरून उभं करायला हरकत नाही.

कशासाठी थांबल्यात. वरच्याच्या अंगाचा तिळपापड झाला. नको म्हणायला यांची रांग लागते, आणि आता पुरे म्हणायला एक माणूस नसतो. ते यायचं असतं आपण, गाडी करून, रजा काढून, यंत्र चालू असेल त्या दिवशी. आणि नाही आलं तर माणूस पडून राहतो, कोणाचं काय जातं?

"तुमच्या आईला उभं राहता येतं का?" बाईनं विचारलं.

रोज दोन वेळा जिला छातीशी धरून उचललं, तिच्याबद्दल त्याला हे माहीत नव्हतं.

घरी येऊन त्यानं आईला विचारलं.

"मला काय माहीत," आई म्हणाली. "तू म्हणालास हलू नकोस."

"डॉक्टर म्हणाले होते."

"मग आता कोण काय म्हणतंय?"

"आता म्हणतायत हल."

"तेच डॉक्टर?"

"तेच. म्हणजे, तेच असावेत. फोनवर होते."

आईनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा तापात बरळतोय.

शनिवारी त्यांनी करून बघितलं. बाईनं सांगितलं होतं तसं आईला पलंगाच्या कडेला आणलं, पावलं जराशी मागे घेतली, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकवलं, उठताना फू कर म्हणून सांगितलं. आईनं पाऊल टेकवलं, मांडी थरथरली आणि तिनं "खिळा, खिळा" म्हणत पाय पोटाशी ओढले. वरच्यानं झटकन तिला धरलं, कंबरेत कळ आली, आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "हलू नकोस." झालं. दोघं पलंगावर शेजारी बसून राहिले. कोणावर विश्वास ठेवावा हे दोघांनाही कळत नव्हतं, एकमेकांवर तर नाहीच नाही.

"जाऊ दे," आई म्हणाली. "तिथं खिडकी असेल ना?"

रविवारी ताई गाडी घेऊन आली. बरोबर ड्रायव्हर होता, दारात उभा राहून किल्ली फिरवत. ताईनं कपाट उघडलं आणि आईची बॅग भरली. साड्या, शाल, चष्म्याची डबी, कंगवा. बॅग बंद करून खोलीच्या मध्यावर ठेवली.

"तू बाजूला हो," ती भावाला म्हणाली. "मी आणि ड्रायव्हर उचलतो."

"थांब जरा. काल आम्ही—"

"काल काय? कंबर धरलेला माणूस तू, फळीवर झोपतोस, आणि मला थांब म्हणतोस?" ती ड्रायव्हरकडे वळली. "दादा, या इकडे, तुम्ही पायाकडून धरा."

"पायाकडून नको," वरचा म्हणाला. "तिला उभं राहू दे. सरकारी दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या—"

"परवा म्हणत होतास चकती. आज म्हणतोस बाई. तुझं काही एक ठरतं का?"

"नाही ठरत," तो ओरडला. "काहीच ठरत नाही. म्हणून काय आईला पेटीसारखं नेशील?"

ड्रायव्हर पुढे आला होता, ताईनं आईच्या खांद्याखाली हात घातला होता, वरच्यानं ताईचं मनगट धरलं होतं. आणि या सगळ्यात आईनं हात वर केला. उघडा पंजा. समोर.

वरच्याचा हात जागच्या जागी सुटला. वर्षानुवर्षांची सवय, डोक्याला विचारावं लागलं नाही. त्याला थांबलेलं बघून ताईही थांबली, आणि ड्रायव्हर तर थांबायला टपलेलाच होता.

हातवारे या घरात शेकडो वेळा चहा प्यायला होता, आणि आई पलंगावरून सगळं बघत होती. तिनं पंजा मिटला. मग तर्जनी वर केली आणि हवेत बारीक गोल फिरवली. वर घे. दुसऱ्या हाताचा तळवा खाली दाबत म्हणाली, "हळू."

वरचा पुढे झाला. काखेत हात घातले नाहीत, नुसते आपले हात पुढे आडवे धरले, आणि तिनं ते कोपराजवळ पकडले. तिनं पावलं मागे घेतली, नाक पुढे नेलं. तिची बोटं त्याच्या कातडीत रुतली. मांडी थरथरायला लागली तसा त्याचा श्वास कोंडला. "हलू" एवढं त्याच्या ओठांवर आलं.

"फू कर," आई दातओठ खात म्हणाली. "काल तूच सांगत होतास ना फू कर म्हणून."

त्यानं श्वास सोडला. आई वर आली. पुढचा क्षण क्रेनवाल्याला चांगला ओळखीचा होता, पण हातांत तो त्याला कधी लागला नव्हता: माल जमिनीला टेकतो, आणि इतका वेळ ताठ असलेला दोर एकदम सैल पडतो. त्याच्या हातांवरचं वजन गेलं. ते आईच्या पायांतून खाली फरशीत गेलं होतं, जिथं ते जायला हवं होतं. ती उभी होती. वाकडी, थरथरत, तोंड उघडं टाकून, पण स्वतःच्या पायांवर.

मग ती धपकन पलंगावर बसली आणि धापा टाकायला लागली.

"म्हणजे तुला उभं राहता येत होतं?" ताईचा आवाज चिरकला. "आणि तू बोलली नाहीस?"

"यानं सांगितलं होतं हलू नकोस."

"मला डॉक्टरनं सांगितलं होतं," वरचा म्हणाला.

"आणि विचारायला कोणी गेलं नाही," ताई म्हणाली, आणि आपण हे कोणाला म्हणतोय हे तिचं तिलाच समजेना, कारण फोनवरून तीही रोज एकच विचारत असे, जेवली का.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाडी उन्हात आहे."

ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. "उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या हिचा पाय थरथरला, याची कंबर धरली, की मग दोघं फरशीवर." त्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटी ती वळली. "बघते मी. हाडाच्या डॉक्टरला आधी दाखवायचं, मी येईन बरोबर. आणि पुन्हा अशी वेळ आली तर गाडी रिकामी पाठवणार नाही. दादा, चला."

तिनं बॅग उचलायला हात घातला, तर आई म्हणाली, "ती राहू दे तिथंच. उघडू पण नका."

"का?"

"लांब नाहीये फार. पलंगापासून तिथपर्यंत जाईन आधी. माझी शाल आहे त्यात."

वरच्यानं पलंग आणि बॅग यांच्यामधली फरशी बघितली. त्याची कंबर दुखत होती. ही जुनी कळ की नवी, काल झटकन धरलं त्याची की आज नीट धरलं त्याची, चकतीची की भीतीची, त्याला सांगता आलं नसतं. आईची एक चप्पल पलंगाखाली गेली होती. तो वाकला. तोंडानं फू केलं. दुखलं, थोडं. चप्पल काढून त्यानं आईच्या पावलापुढे सरळ करून ठेवली.

"कशानं दुखतंय रे?" आईनं विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि हात पुढे केले.